वर्णमाला पाठ करू नका, तोंडात शोधा: व्यंजनं ओळखायची पद्धत, पायरी पायरीने

क ख ग घ ङ आपण सगळ्यांनी पाटीवर गिरवलंय, वर्गात एका सुरात ओरडून म्हटलंय, पण क च्या मागे ख च का येतो आणि रांगेच्या शेवटी तो कधी न वापरलेला ङ का बसवलाय, हे मला तरी शाळेत कुणी सांगितलं नाही. पुढे कित्येक वर्षांनी मी दर शनिवारी ऑफिसातल्या दोन हिंदीभाषक मित्रांना मराठी शिकवायला लागलो, आणि त्याच सुमारास घरात भाची एमपीएससीचं व्याकरण घोकत बसलेली असायची, कंठ्य तालव्य मूर्धन्य, कठोर मृदु, अल्पप्राण महाप्राण, सगळं पाठ, पण "ट म्हणताना तुझी जीभ कुठे जाते गं?" म्हटलं की गप्प. तेव्हा कळलं की या मित्रांना आणि तिला एकच गोष्ट हवीय. वर्णमाला ही यादी नाहीये, तो तोंडाचा नकाशा आहे, आणि नकाशा पाठ करायचा नसतो, त्यावरून एकदा चालून यायचं असतं.

तर आपण चालून येऊया. सामान फार नाही: एक आरसा, पातळ कागदाची एक पट्टी (दुकानातली पावती झकास चालते), आणि तुमचे हात. दार लावून घ्या, कारण आवाज विचित्र निघतात आणि घरचे विचारत बसतात.

सुरू करण्याआधी एक सवय लावून घ्या

आपण "क" म्हणतो तेव्हा खरं तर क् आणि अ असे दोन आवाज काढतो. व्यंजन तपासायचं असेल तर तो मागचा अ फसवतो, कारण स्वर म्हटला की गळा थरथरतोच, मग सगळीच व्यंजनं थरथरल्यासारखी वाटतात. म्हणून अक्षर सुटं म्हणू नका, दोन आ च्या मध्ये ठेवा आणि मधेच थोडं थांबा: आक्‌…का, आप्‌…पा, आस्‌…सा. थांबलात त्या क्षणी जीभ कुठे आहे, ओठ कसे आहेत, श्वास चालू आहे की अडकलाय, एवढंच बघायचं.

पायरी १: हवा कुठे अडते?

आक्‌, आच्‌, आट्‌, आत्‌, आप्‌. हे पाच सावकाश म्हणा, मग आवाज न काढता नुसतं तोंड हलवून म्हणा. पाच-सहा वेळा केलं की एक गंमत लक्षात येईल, अडथळा मागून पुढे सरकत येतोय. क ला जिभेचा मागचा भाग वर उचलून मऊ टाळूला लागतो. च ला जिभेचा मधला-पुढचा भाग टाळूकडे जातो. ट ला जिभेचं टोक वर वळून टाळूच्या पुढच्या कडक भागाला टेकतं, त ला तेच टोक वरच्या दातांच्या मागे येतं, आणि प ला जिभेचं कामच नाही, दोन ओठ मिटतात, आरशात दिसतं.

म्हणजे वर्णमालेच्या पाच ओळी म्हणजे घशापासून ओठांपर्यंतचे पाच थांबे. क-वर्ग कंठ्य, च-वर्ग तालव्य, ट-वर्ग मूर्धन्य, त-वर्ग दंत्य, प-वर्ग ओष्ठ्य. नावं आता पाठ करायची गरज नाही, कारण दंत म्हणजे दात आणि ओष्ठ म्हणजे ओठ, मूर्धा म्हणजे डोकं, इथे तोंडाचं छत धरा. फक्त "कंठ्य" या नावाने गोंधळ होतो, क घशात होत नाही, घशाच्या दाराशी म्हणजे मऊ टाळूवर होतो, म्हणून भाषाविज्ञानाच्या पुस्तकात त्याला मृदुतालव्य म्हटलेलं दिसलं तर दचकू नका, गोष्ट तीच आहे.

मला यातली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट सांगतो. १८८६ साली पॅरिसमध्ये जी आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संस्था स्थापन झाली, तिचा व्यंजनांचा तक्ता आज जगभर वापरतात, आणि त्यात पण उच्चाराची जागा हाच आधार आहे, फक्त तो तक्ता ओठांपासून सुरू होऊन घशाकडे जातो, आपला घशापासून ओठांकडे येतो. आपली मांडणी त्याच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधीची, वेदपठण बिघडू नये म्हणून ज्यांनी उच्चारांचा अभ्यास केला त्या लोकांची. ना यंत्र ना रेकॉर्डिंग, नुसतं लक्ष देऊन बोलणं आणि ऐकणं. पहिलीतल्या पोराच्या पाटीवर ही एवढी मोठी गोष्ट असते आणि आपण ती नुसती गिरवून पुसून टाकतो.

ट आणि त मध्ये शंका असेल तर कोकोची पूड घ्या. जिभेच्या टोकावर थोडी लावा, एकदाच "आटा" म्हणा आणि लगेच तोंड उघडून आरशात वरच्या बाजूला बघा, डाग कुठे लागलाय. तोंड धुऊन परत पूड लावा आणि "आता" म्हणा. आटा चा डाग टाळूवर, आता चा दातांच्या मागे. प्रयोगशाळेत हेच काम कोळशाची पूड तेलात कालवून करतात.

जाता जाता, इंग्रजीतला टेबलचा किंवा डॉक्टरचा पहिला आवाज या दोन्हींच्या मधला असतो, जीभ दातांच्या वरच्या हिरडीला लागते. आपल्या कानाला तो ट-ड च्या जवळचा वाटला म्हणून आपण टेबल लिहिलं, तेबल नाही.

पायरी २: गळा थरथरतो का?

कंठमण्यावर बोटं ठेवा. आधी सापासारखं "स्स्स्स" करा, मग "म्म्म्म". स ला काही नाही, म ला बोटांना मुंग्या आल्यासारखं वाटतं. कळत नसेल तर दोन्ही कान बोटांनी बंद करून परत करा, म ला डोक्यात भुंगा फिरल्यासारखं होईल. हा थरथराट म्हणजे घोष.

आता आक्‌…का आणि आग्‌…गा. आप्‌…पा आणि आब्‌…बा. मधल्या थांब्यात ब ला गळा थोडा वेळ गुणगुणत राहतो, प ला पूर्ण शांतता. जिभेची नाहीतर ओठांची जागा तीच, फरक फक्त गळ्याचा. प्रत्येक ओळीतले पहिले दोन (क ख, च छ, ट ठ, त थ, प फ) अघोष, पुढचे सगळे घोष. शाळेच्या पुस्तकात यांनाच कठोर आणि मृदु म्हणतात. वर्गांमधले दहा आणि श ष स मिळून तेरा कठोर, बाकी सगळी मृदु, ह सुद्धा मृदु, परीक्षेत इथे बरेच जण घसरतात कारण ह म्हणजे नुसता श्वास असं वाटतं. "सहा" म्हणताना गळ्यावर बोट ठेवून बघा, मधे थरथर थांबत नाही.

पायरी ३: कागद हलतो का?

पावती ओठांसमोर चार बोटांवर धरा. "काल" म्हणा, "खाल" म्हणा. "ताट", "थाट". ख आणि थ ला कागद उडतो, क आणि त ला जेमतेम हलतो. हवेचा हा जास्तीचा झोत म्हणजे महाप्राण, तो नसेल तर अल्पप्राण.

घ झ ढ ध भ ला मात्र कागद ख एवढा उडत नाही, मग माणूस म्हणतो माझंच काहीतरी चुकतंय. चुकत नाहीये. घोष चालू असताना गळ्यातून हवा मोकळी सुटत नाही, म्हणून इथे झोतापेक्षा एक प्रकारचा श्वासाळ, जड आवाज येतो. "बात" आणि "भात" म्हणा, कागदाकडे बघण्यापेक्षा आवाजाकडे कान द्या.

फ ची गोष्ट वेगळी. पुस्तकात तो प-वर्गातला महाप्राण, म्हणजे दोन्ही ओठ पूर्ण मिटून मग हवेचा झोत. आरशात बघून "फूल" म्हणा. तुमचे ओठ मिटले का? आज बऱ्याच जणांचे मिटत नाहीत, खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो आणि हवा घासून निघते, इंग्रजीतल्या फॅन सारखी. दोन्ही ऐकू येतात, कुणी फळ असं म्हणतं कुणी तसं. कागदाचा प्रयोग फ वर करताना हे डोक्यात ठेवा, नाहीतर गोंधळ ठरलेला.

इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना मराठी शिकवायचं झालं तर ही पायरी सगळ्यात जड जाते, कारण ते शब्दाच्या सुरुवातीचा प ट क झोतासकटच म्हणतात, त्यांचा "पिन" आपल्याला फिन सारखा ऐकू येतो, आणि दोन्हीत फरक असतो हेच त्यांना आधी पटत नाही. त्यांच्या हातात कागद द्या आणि कागद न हलवता "पाणी" म्हणायला सांगा. उपयोग होतो.

शिवाय मराठीत महाप्राण नुसते वर्गातच नाहीत. म्हैस, न्हावी, उन्हाळा, कोल्हा, जिव्हाळा, तऱ्हा. "म्हण" मध्ये म नंतर ह वेगळा उच्चारत नाही कुणी, म मध्येच हवा मिसळते. लिहिताना जोडाक्षर दिसतं, तोंडात बहुतेक एकच आवाज असतो.

पायरी ४: नाक दाबा

खरंच दाबा, चिमटीत. आणि "मामा" म्हणा.

बाबा ऐकू आलं ना? आता "नाना" म्हणा, दादा होतं. सर्दी झालेल्या माणसाचं बोलणं असंच असतं. म आणि ब मध्ये ओठांचा काहीच फरक नाही, गळाही दोन्हीकडे थरथरतो, फक्त म ला नाकाची वाट उघडी असते. म्हणून म हा प-वर्गाच्याच ओळीत शेवटी बसलाय, न हा त-वर्गाच्या शेवटी, ण ट-वर्गाच्या. आणि तो बिचारा ङ म्हणजे ग ची जागा अधिक उघडं नाक, जो आपण कधी वापरत नाही असं वाटतं, पण "रंग" म्हणताना मधे थांबा आणि जीभ कुठे आहे बघा. तोच ङ. रोज वापरता.

इथपर्यंत आलात म्हणजे पंचवीस अक्षरं झाली. पाच ओळी हा जागेचा हिशोब. आणि प्रत्येक ओळीत डावीकडून: साधा, झोतवाला, गळा थरथरणारा, गळा आणि झोत दोन्ही, आणि शेवटी नाकातला. क नंतर ख का, याचं उत्तर हे आहे.

पायरी ५: हवा किती अडते? लांबवून बघा

आतापर्यंत कुठे अडते ते बघितलं, आता कशी अडते ते. ही पायरी शाळेत जवळपास शिकवतच नाहीत आणि मला हीच सगळ्यात जास्त आवडते, म्हणून जरा रेंगाळणार आहे.

प्रयोग एकच: व्यंजन लांबवायचं, श्वास पुरेल तितका वेळ.

प लांबवा. नाही जमत, ओठ मिटलेले, आवाज नाहीच, उघडले की फट् करून संपला. त, ट, क यांचंही तेच. वाट पूर्ण बंद आणि मग एकदम मोकळी, म्हणून यांना स्फोटक म्हणतात, जुनं नाव स्पर्श. (शाळेच्या पुस्तकात पंचवीसच्या पंचवीस अक्षरांना स्पर्श व्यंजनं म्हणतात, नाकातली सुद्धा, परीक्षेला तेच लिहा.)

स लांबवा. हवा तेवढा. वाट बंद नाहीये, अगदी चिंचोळी आहे, हवा घासून जाते. हे घर्षक. श ष स ह यात आले. जुनी नावं श ष स ला उष्मे आणि ह ला महाप्राण. परीक्षेच्या पुस्तकात महाप्राण चौदा सापडतील, वर्गातले दहा अधिक श ष स ह, कारण या चौघांत हवा जोरात बाहेर येते.

ल लांबवा. जमतं, आणि घासल्याचा आवाज नाही. जिभेचं टोक वर टेकलेलंच असतं, मग हवा जाते कुठून? ल च्या स्थितीत जीभ तशीच ठेवून श्वास जोरात आत ओढा. जिभेच्या दोन्ही कडांना गार लागेल. हवा बाजूंनी जाते, म्हणून पार्श्विक. स च्या स्थितीत तसंच श्वास ओढलात तर गारवा मधोमध, पुढच्या दातांपाशी लागतो. कुठलाही आवाज कुठून वाहतो हे शोधायची ही युक्ती लक्षात ठेवा.

र लांबवला की जीभ फडफडते, तो कंपित, नेहमीच्या बोलण्यात मात्र बहुतेक एकदाच फटका मारते. तसाच फटका "गाडी", "घोडा" मधल्या ड ला असतो, "डबा" मधला ड टेकून थांबतो आणि गाडीतला वळलेली जीभ फटकारत खाली येते, असा आवाज ताडित. हिंदीवाले त्याला खाली टिंब देऊन वेगळा लिहितात, आपण लिहीत नाही. य आणि व ला हवा जवळपास अडतच नाही, य सावकाश म्हटलात तर इ अ ऐकू येतं, म्हणून अर्धस्वर. शाळेत य र ल व चारही अर्धस्वर म्हणतात.

आणि आता च.

"चिमणी" मधला च लांबवा. च्च्च… काय झालं? सुरुवातीला वाट बंद होती, आणि लांबवायला गेलात तर हातात श उरला. च्‌श्श्श्श. म्हणजे च ची सुरुवात स्फोटकासारखी आणि शेवट घर्षकासारखा, दोन्ही एकाच आवाजात. अर्धस्फोटक म्हणतात त्याला.

आता "चाक" मधला च लांबवा.

श नाही उरला, स उरला. च्‌स्स्स्स. मित्रांना मी पहिल्यांदा हे करायला लावलं तेव्हा ते म्हणाले, अरे हा वेगळाच आवाज आहे, आणि तो खरोखर वेगळाच आहे, हिंदीत नाही हा. जिभेची जागा पुढे, दातांजवळ सरकलेली असते, म्हणून याला दंततालव्य म्हणतात. चाक, चूल, चोर, चव, चारा एका बाजूला आणि चार, चहा, चिमणी, चेंडू, चंद्र दुसऱ्या बाजूला. ज आणि झ चंही तसंच: जुना, जोर, झाड, झोप हे दंततालव्य, जीभ, जेवण, जय, झेंडा हे तालव्य. छ मात्र एकाच प्रकारचा, तालव्य.

लिहिण्यात फरक नाही म्हणून बाहेरून येणाऱ्याची फार पंचाईत होते. "जग" म्हणजे दुनिया असेल तर एक ज, आणि "शंभर वर्षं जग" असा आशीर्वाद असेल तर दुसरा ज. "जरा थांब" मधला ज वेगळा आणि म्हातारपण या अर्थाच्या जरा मधला वेगळा. मग ओळखायचं कसं? दोन गोष्टी उपयोगी पडतात. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असेल तर बहुतेक तालव्य (चंद्र, चरण, जन, जय). आणि पुढे इ, ई, ए किंवा य असेल तर तालव्य. उरलेल्या मराठी शब्दांत बहुतेक दंततालव्य, आणि चार, चहा असे थोडे शब्द ऐकूनच शिकावे लागतात.

यातला इ-ई-ए वाला नियम घरातल्या घरात तपासा. माझा, माझी. घरचा, घरची. त्याचा, त्याचे. शब्द तोच, प्रत्यय बदलला की च-झ मागे टाळूकडे सरकतो. आणि लिहिताना "माझे" म्हणाल तर तालव्य, पण बोलताना "माझं" म्हणाल तर दंततालव्य, कारण शेवटचा ए गेला. कुणी शिकवलं आपल्याला हे? कुणीच नाही, आईचं ऐकून आलं.

असं का होतं त्याचं उत्तर वर्णमालेतच आहे. संस्कृत व्याकरणात एक ओळ शिकवतात, इचुयशानां तालु, म्हणजे इ, च-वर्ग, य आणि श या सगळ्यांची जागा टाळू. इ म्हणताना जीभ टाळूकडेच जाते, मग तिच्या आधीचा आवाजही आधीच तिकडे वळतो. हेच स ला पण लागू: असा पण अशी, कसा पण कशी, म्हैस पण म्हशी. स दातांचा, श टाळूचा, इ ने ओढून नेला. माझा-माझी आणि असा-अशी ही एकाच कारणाची दोन रूपं आहेत हे मला कळलं त्या दिवशी मी भाचीला रात्री अकरा वाजता उठवून सांगितलं होतं.

पायरी ६: ळ, ण आणि बाहेरून येणाऱ्यांची अडचण

ळ म्हणजे ट च्या जागेवरचा ल. एवढंच. जीभ वर वळवून टाळूला टेकवायची आणि हवा बाजूंनी सोडायची. ज्यांच्या भाषेत ळ नाही त्यांना मी असं करायला लावतो: "अड" म्हणा, पण ड ला जीभ टेकली की सोडू नका, तिथेच ठेवा, आता जिभेच्या कडा सैल करा आणि आवाज चालू ठेवा. अळ. आठ-दहा दिवस जातात, मग येतो. सराव जोडीने करा: गाल-गाळ, माल-माळ, वेल-वेळ, काल-काळ, मूल-मूळ. पाच जोड्यांत अर्थ किती बदलतो बघा. हिंदीत जळगावचं जलगांव आणि धुळ्याचं धुले होतं ते याचमुळे, जवळात जवळ आवाज कुठला तर ल.

ऋग्वेदाच्या पहिल्याच ओळीत ळ आहे, अग्निमीळे मध्ये, तेव्हा हा काही आडगावचा आवाज नाही. मराठीत तो शब्दाच्या सुरुवातीला मात्र येत नाही, ण पण नाही.

आणि एक मनापासून सांगायचंय. वऱ्हाडात डोळा चा डोया होतो, काळा चा काया होतो, किनाऱ्यावर आगरी-कोळी बोलीत डोला होतो, पाणी चं पानी तर कितीतरी ठिकाणी होतं. त्यावरून माणसाला हसणारे लोक मी पाहिलेत आणि फार वाईट वाटतं. तोंडाच्या नकाशावर बघा, ळ चा ल झाला म्हणजे जीभ पुढे सरकली, ळ चा य झाला म्हणजे जिभेने टेकणं सोडलं, ण चा न झाला म्हणजे मूर्धेवरून दातांकडे आली. प्रत्येक बदल एका पावलाचा आहे आणि त्या बोलीत तो नियमाने होतो, कुठेही कसाही होत नाही. प्रमाण भाषा शिकायची असेल तर जरूर शिका, पण पानी म्हणणाऱ्याचं तोंड चुकत नाहीये.

ष बद्दल थोडक्यात. आज बोलताना बहुतेक सगळे ष चा श करतात, भाषा आणि आशा मधला मधला आवाज एकच. पण लिहिताना अडलात तर शेजारी बघा. ट-वर्गाच्या शेजारी ष: कष्ट, षष्ठी, कृष्ण. च-वर्गाच्या शेजारी श: निश्चय, पश्चिम. त-वर्गाच्या शेजारी स: अस्त, हस्त, स्थान. ज्याची जागा जिथे, तो तिथल्या शेजाऱ्याबरोबर. इंग्रजीतून आलेले पोस्ट, स्टेशन यांना हे लागू नाही.

पायरी ७: आता नकाशा वापरा

अनुस्वारापासून सुरू करा. टिंब एकच, उच्चार पाच. अंक, पंच, घंटा, दंत, कंप, पाचही म्हणताना टिंबावर थांबून बघा. पुढचं अक्षर ज्या ओळीतलं, त्याच ओळीतलं नाकातलं अक्षर तोंडात येतं, कारण जीभ किंवा ओठ आधीच तिथे जाऊन बसलेले असतात. संसार, संशय, संवाद मध्ये पुढे वर्गातलं अक्षर नाही, म्हणून तिथे नाकातून व सारखा काहीतरी डोकावतो.

मग व्यंजनसंधी, म्हणजे दोन शब्द जोडताना सांध्यावरचं व्यंजन बदलतं ते, ज्याने भाचीला रडवलं होतं. वाक् आणि ईश, वागीश: क ला गळ्याची थरथर मिळाली, ग झाला, त्याच ओळीत दोन घरं पुढे. वाङ्मय: क च्या पुढे म आला, नाक आधीच उघडलं, ओळ तीच, शेवटचं घर. जगत् आणि नाथ, जगन्नाथ, षट् आणि मास, षण्मास, तेच. सत् आणि जन, सज्जन, इथे थरथरही मिळाली आणि ओळ पण बदलली, दातांवरून टाळूवर. आणि खुद्द "उच्चार" हा शब्द, उत् आणि चार, त सरकून शेजारच्या च च्या जागेवर गेला आणि च झाला. तिच्या वहीत या सगळ्यांचे वेगवेगळे नियम होते, प्रथम व्यंजन, तृतीय व्यंजन, अनुनासिक वगैरे. तक्ता समोर ठेवून बोटाने घरं मोजायला लावली तर अर्ध्या तासात झालं.

शेवटचा सराव. "चिंचगुळाची आमटी" सावकाश म्हणा आणि प्रत्येक व्यंजनाचा पत्ता सांगा. पहिला च, पुढे इ आहे, तालव्य, अर्धस्फोटक, अघोष. टिंब, त्याच्या पुढचा च दंततालव्य आहे म्हणून इथे दातांकडचा न, पंच मधल्यासारखा टाळूचा ञ नाही. दुसरा च, लांबवा, स उरतो. ग, मृदुतालव्य, स्फोटक, घोष, अल्पप्राण. ळ, मूर्धन्य, पार्श्विक. मग ची, परत टाळूवर. म, ओठ, नाक. ट, मूर्धन्य, स्फोटक, अघोष, कागद हलता कामा नये. एका शब्दात च तीनदा आला आणि मधला तेवढा वेगळा निघाला. हे कानाला पकडता आलं की स्वतःचं नाव घ्या, मग गावाचं.